जनुक आहे, पण मासा मरत नाही: माशांच्या रोगजंतूंची मारकता ठरते कशी?

शेवाळ

मंडळी, दोन महिन्यांपासून एका गुंत्यात अडकले आहे, म्हणून हा धागा काढते आहे. मी माशांच्या जिवाणूजन्य रोगांवर काम करते. माझ्याकडे एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचे दोन आयसोलेट, म्हणजे वेगळे काढून वाढवलेले दोन नमुने आहेत, त्यांना क आणि ख म्हणू. क हा अंगभर व्रण पडलेल्या, मरणाला टेकलेल्या माशाच्या मूत्रपिंडातून काढलेला. ख मिळाला ठणठणीत माशांच्या टाकीतल्या पाण्यातून.

दोघांची पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकं आहेत का ते शोधणारी चाचणी केली. क मध्ये एरोलायसिन हे विष, आणखी एक हिमोलायसिन (तांबड्या पेशी फोडणारं विष), सेरीन प्रोटिएज (प्रथिनं कापणारं विकर) अशांची जी जनुकं शोधली ती सगळी सापडली. ख मध्ये त्यातलं जेमतेम एक. मी वहीत लिहूनही टाकलं, क घातक, ख निरुपद्रवी. मग रीतसर परवानगी घेऊन माशांच्या पोटात टोचून चाचणी केली. ख टोचलेले मासे तिसऱ्या दिवसापासून मरू लागले. क टोचलेले आजही पोहताहेत. चाचणी पुन्हा केली, तेच झालं.

मार्गदर्शकांना विचारलं तर ते म्हणाले, मात्रा चुकली असेल. मात्रा मी तीनदा मोजली आहे. मग प्रश्न असा की विषाचं जनुक असून जिवाणू मारत नसेल, तर ‘रोगकारक जनुक’ हा शब्द आपण वापरतो तो नेमका कशासाठी? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया लिहा. थोडक्यात नको, सविस्तर लिहा.

लोहार

चांगला धागा. ‘रोगकारक जनुक’ हा शब्द माशांच्या बाबतीत पहिल्यांदा पक्क्या पुराव्याने कुठे उभा राहिला, तिथून सुरुवात करतो. त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

व्हिब्रिओ अँग्विलॅरम हा समुद्री माशांचा जुना शत्रू. ईल माशांच्या ‘लाल रोगा’चं वर्णन एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि या जिवाणूला आजचं नाव १९०९ साली मिळालं. १९८० साली होर्हे क्रोसा यांनी नेचरमध्ये दाखवून दिलं की याच्या मारक प्रकारांमध्ये एक प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं वेगळं कडं असतं. त्याचं नाव पीजेएम१, लांबी सुमारे ६५ हजार बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं. ते काढून टाकलं की जिवाणू जवळजवळ निष्प्रभ होतो. सगळ्यांना वाटलं असतं की त्यावर एखादं जालीम विष असणार. निघालं काय, तर लोह गोळा करायची यंत्रणा!

माशाच्या रक्तात लोह भरपूर असतं, पण सुटं नसतं. ट्रान्सफेरिनसारखी प्रथिनं ते घट्ट धरून बसलेली असतात. जिवाणूला वाढायला लोह लागतंच. पीजेएम१ वरची जनुकं अँग्विबॅक्टिन नावाचा एक छोटा रेणू तयार करतात. तो पेशीबाहेर जातो, ट्रान्सफेरिनच्या तावडीतून लोह हिसकावतो आणि जिवाणूच्या बाह्य पटलावरच्या फॅटए या ग्राहीवर येऊन लोहासकट आत जातो. यातला रेणू किंवा ग्राही, काहीही एक मोडलं की साखळी तुटते.

आता शेवाळ, तुमच्या कामाचं. हा प्लाझ्मिड नसलेला जिवाणू पोषक माध्यमात मजेत वाढतो, कारण तिथे सुटं लोह असतं. बशीत त्याच्यात काहीच उणं दिसत नाही. उणं दिसतं ते फक्त माशाच्या आत. म्हणजे जनुकाचा अर्थ जनुकात पूर्ण नसतो, परिस्थिती आणि जनुक मिळून तो तयार होतो.

आणि यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढे आहे. याच जिवाणूचे ओ२ गटातले प्रकार बिनप्लाझ्मिडचे असूनही मासे मारतात. त्यांच्या गुणसूत्रावर व्हँक्रोबॅक्टिन या दुसऱ्याच लोहवाहक रेणूची जनुकं आहेत. पीजेएम१ वाल्यांच्या गुणसूत्रावरही तीच जनुकं आहेत, पण त्यांतल्या एकात उडतं जनुक (डीएनएत जागा बदलणारा तुकडा) घुसून ते बंद पडलेलं आहे. नवी यंत्रणा हाताशी असल्यावर जुनी मोडली तरी भागलं. तुम्ही फक्त अँग्विबॅक्टिनसाठी पीसीआर केली असती तर ओ२ ला निरुपद्रवी ठरवलं असतं.

शेवाळ

लोहार, मनापासून आभार. म्हणजे ख कडे मी शोधलीच नाहीत अशी जनुकं असू शकतात. ते पटलं. पण क चं काय? त्याच्याकडे तर आहेत.

जुनी_बशी

क किती वेळा उपसंवर्धन केला आहे? आणि किती तापमानाला ठेवता?

शेवाळ

नक्की आकडा नाही सांगता येणार. वर्षभर दर आठवड्याला नव्या बशीवर घेत होतो. ३७ अंशाला, कारण आमचा एकच इनक्युबेटर आहे आणि त्यात बाकीच्यांचंही काम चालतं.

जुनी_बशी

मग ऐक. तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

मी उमेदीची तीन वर्षं एरोमोनास साल्मोनिसिडावर घालवली. साल्मन आणि ट्राउटच्या फुरंक्युलोसिस या रोगाचा हा जिवाणू, जर्मनीतल्या ट्राउट हॅचरीतून १८९४ साली पहिल्यांदा वर्णन झालेला. थंड पाण्यातला, वीस-बावीस अंशांत खूश. आमच्या प्रयोगशाळेत एका सुट्टीच्या काळात कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान चढवून ठेवलं आणि माझे सगळे आयसोलेट त्यात आठवडाभर होते. वाढले छान. पण पुढच्या चाचणीत एकानेही मासा मारला नाही. चार महिने मी मात्रा, माशांची जात, पाणी सगळं बदलून पाहिलं. रडकुंडीला आले होते.

या जिवाणूच्या अंगावर प्रथिनाचं एक चिलखत असतं, ए-लेयर म्हणतात. व्हॅपए या एकाच प्रथिनाचे तुकडे फरशीसारखे एकमेकांशेजारी बसून ते बनतं. त्यामुळे माशाच्या रक्तातल्या मारक प्रथिनांपासून जिवाणू वाचतो आणि भक्षकपेशींना चिकटतो. जास्त तापमानाला वाढवलं की चिलखत नसलेले जिवाणू वरचढ ठरतात. १९८१ सालीच हे दाखवलं गेलं होतं, मी ते तेव्हा वाचलेलं नव्हतं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की उडती जनुकं चिलखताच्या जनुकात जाऊन बसतात आणि ते तोडतात.

आणि फक्त चिलखतच जात नाही. याच जिवाणूत पीएएसए५ नावाचं मोठं प्लाझ्मिड आहे. त्यावर टाइप ३ स्रावण यंत्रणा आहे, म्हणजे माशाच्या पेशीत थेट प्रथिनं टोचणारी सुई. पंचवीस अंशांच्या वर वाढवलं की त्या प्लाझ्मिडवरच्या एकसारख्या उडत्या तुकड्यांमध्ये अदलाबदल होते आणि मधला सुईचा भाग गळून पडतो. बाकीचं प्लाझ्मिड जागेवर! नळीत डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही.

बशीत कुणी हल्ला करत नाही. चिलखत वागवायला आणि सुई बनवायला ऊर्जा लागते. ज्याने ती टाकून दिली तो थोडा वेगाने वाढतो, आणि आपण दर आठवड्याला सर्वांत छान वाढलेली वसाहत उचलतो. म्हणजे आपणच आपल्या हाताने गरीब जिवाणू निवडत जातो.

एरोमोनास हायड्रोफिला उबदार पाण्यातला आहे, त्याला ३७ अंश तसे जड नाहीत. तेव्हा माझी गोष्ट तुझ्या क ला तशीच्या तशी लागू होईल असं मी म्हणत नाही. पण वर्षभराचं उपसंवर्धन मला खटकतंय. पहिल्या दिवशीचा ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला साठा आहे का? असेल तर आजच शोध.

प्रवाह

जुनी_बशी ताईंच्या प्रतिसादाला माझंही अनुमोदन. एक जोडतो. साल्मोनिसिडाच्या सुईबद्दल जे प्रयोग झाले ते जनुकं वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवेत. सुईचाच एखादा मुख्य भाग काढला की जिवाणू मासा मारेनासा होतो. पण सुईतून जाणारी प्रथिनं एकेक करून काढली तर मारकता फारशी कमी होत नाही. एक गेलं तर दुसरं काम भागवतं. म्हणजे एखादं जनुक काढून फरक पडला नाही, यावरून ते निरर्थक आहे असं म्हणता येत नाही.

याहून धक्कादायक प्रकार त्याच जिवाणूच्या जीकॅट या विकराचा. शुद्ध करून जिवाणूच्या पटलातल्या लिपोपॉलिसॅकराइडसोबत टोचलं तर अगदी सूक्ष्म प्रमाणात साल्मन मरतो. इतकं स्पष्ट विष! त्यामुळे बरीच वर्षं फुरंक्युलोसिसचा मुख्य सूत्रधार तेच मानलं गेलं. १९९८ साली त्याचं आणि सेरीन प्रोटिएजचं जनुक नेमकं कापून पाहिलं. म्युटंट, म्हणजे जनुक कापलेला जिवाणू, पूर्वीइतकाच मारक! विष मारू शकतं आणि रोगात मृत्यू त्याच विषाने येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टाकीवाला

मी शास्त्रज्ञ नाही, मासे पाळतो आणि थोडं प्रजननही करतो. धागा वाचून डोकं गरगरलं, पण सोडवत नाही. मला एक साधं सांगा. माझ्या टाकीत कल्ल्यांवर पिवळट-पांढरे चट्टे येऊन दोन दिवसांत मासे गेले होते. कॉलम्नॅरिस रोग म्हणाले. त्याआधी वर्षभर टाकीत काहीही नव्हतं. तोच जिवाणू आधीपासून पाण्यात होता का? असेल तर एकदम कशाने चवताळला?

अर्धसूत्र

टाकीवाला, माझं काम याच जिवाणूवर आहे, म्हणून लिहितो.

फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर. आता त्याच्या चार वेगळ्या प्रजाती मानतात, २०२२ पासून, पण तुमच्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही. याला कशाभिका, म्हणजे पोहायचे शेपटीसारखे धागे नसतात, तरी तो चालतो. पृष्ठभागावर सरपटतो. त्याच्या पटलात टाइप ९ नावाची स्रावण यंत्रणा आहे. तिच्यातूनच चिकटणारी प्रथिनं बाहेर येतात, तिच्याच जोरावर सरपटणं होतं आणि तिच्यातूनच ऊती विरघळवणारी विकरं बाहेर पडतात. म्हणजे तीन कामं एकाच दारातून. त्या दाराचं जीएलडीएन हे एक जनुक काढून टाकलं की जिवाणू सरपटत नाही, विकरं बाहेर पडत नाहीत आणि मासेही मरत नाहीत.

बशीवर हे नुसत्या डोळ्यांना दिसतं, म्हणून मला या जिवाणूचं प्रेम आहे. मारक प्रकाराची वसाहत मुळ्यांसारखी चहूकडे पसरते. बिघडलेल्याची वसाहत गोल, आखूड, कडा नीट असलेली. उपसंवर्धन करत राहिलं की मुळ्या जातात. जिवाणूभक्षी विषाणूंच्या माऱ्यात टिकून राहिलेल्या जिवाणूंमध्येही असंच दिसलं आहे. विषाणूपासून बचाव झाला, पण वसाहतीचं रूप बदललं आणि माशावरची पकड सुटली.

आता तुमची टाकी. हो, जिवाणू आधीपासून असण्याची शक्यता मोठी आहे. तो पाण्यात, मेलेल्या माशांवर दीर्घकाळ जगू शकतो. पाणी तापलं, गर्दी झाली, माशांच्या अंगावरची चिकट साय खरवडली गेली की त्याला पाय रोवायला जागा मिळते. जनुकं तीच, संधी वेगळी. मेलेल्या माशातून तो जिवंत रोगी माशापेक्षा जास्त प्रमाणात पाण्यात उतरतो असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे मेलेला मासा दिसताक्षणी बाहेर काढणं, हा या सगळ्या जनुकशास्त्रातून तुमच्या थेट उपयोगाचा भाग. संध्याकाळी काढू म्हणून ठेवू नका.

टाकीवाला

मी ठेवला होता. कामावरून आल्यावर काढला. वाईट वाटतंय. समजावून सांगितलंत त्याबद्दल आभार.

खवलेमोजणी

सगळे प्रतिसाद उत्तम, पण मला एक शंका मांडायची आहे. ‘कशाभिका म्हणजे रोगकारक घटक’ असं पुस्तकांत वाचतो. मग ट्राउटच्या यर्सिनिया रकरीचे कशाभिका हरवलेले प्रकार लस दिलेल्या माशांनाच का मारत सुटले? एकतर पुस्तक चूक किंवा तो जिवाणू.

प्रवाह

दोन्ही बरोबर. याचं कारण हा विषयाचा गाभाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हिब्रिओ अँग्विलॅरम. त्याच्या कशाभिकेच्या फ्लॅए जनुकात बिघाड करून मासे जिवाणू मिसळलेल्या पाण्यात बुडवले, तर मारकता शेकडो पटींनी घसरते. तोच म्युटंट पोटात टोचला तर मूळ जिवाणूइतकाच मारतो. म्हणजे कशाभिका हवी ती माशापर्यंत पोहोचायला आणि आत शिरायला. एकदा आत गेल्यावर तिचं काम संपलं. रासायनिक खुणांच्या दिशेने पोहण्याचं जनुक मोडलं तरी असंच दिसतं.

शेवाळ, तुमच्या चाचणीकडे इथून बघा. तुम्ही पोटात टोचलंत. त्यात त्वचा, कल्ले, आतडं, चिकट साय हे सगळे अडथळे तुम्हीच ओलांडून दिलेत. त्या अडथळ्यांसाठी लागणारी जनुकं तुमच्या चाचणीला दिसणारच नाहीत. ख टोचल्यावर मारतो, पण पाण्यातून जाऊन मारतो का? तो ठणठणीत माशांच्या पाण्यात सुखाने राहत होता, हे विसरू नका.

आता यर्सिनिया रकरी. ट्राउटच्या लालतोंड रोगाचा हा जिवाणू. मारलेले अख्खे जिवाणू पाण्यात मिसळून त्यात मासे बुडवायची लस अनेक वर्षं उत्तम चालली. मग जे प्रकार ती ओलांडू लागले ते पोहत नव्हते आणि त्यांच्यात लायपेजची (चरबी तोडणाऱ्या विकराची) क्रिया नव्हती. त्यांना बायोटाइप २ म्हणतात. जनुकं वाचल्यावर कळलं की अमेरिकेत आणि युरोपात हे स्वतंत्रपणे, कशाभिकेच्या जनुकांतल्या वेगवेगळ्या बिघाडांमधून घडलं आहे. एकाच प्रकारचा बिघाड पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी टिकून राहतो, तेव्हा तो योगायोग म्हणता येत नाही. या जिवाणूला रोग करायला कशाभिका लागत नाही. उलट कशाभिकेचं प्रथिन प्रतिकारशक्तीच्या चटकन नजरेत भरतं, त्यामुळे ती टाकून देण्यात फायदा असावा, हे माझं मत. इथे जनुक हरवणं हीच कमाई.

जुनी_बशी

प्रवाहने लिहिलं त्यावरून स्ट्रेप्टोकॉकस इनी हा जिवाणू आठवला. इस्रायलमध्ये ट्राउटना १९९५ ते १९९७ या काळात लस देत होते, आणि मग लस दिलेल्याच माशांत नव्या सेरोटाइपचा, म्हणजे प्रतिपिंडांना वेगळा दिसणाऱ्या प्रकाराचा, उद्रेक झाला. या जिवाणूच्या अंगावर शर्करेचं कवच असतं, भक्षकपेशींना हुलकावणी द्यायला. कवचाची जनुकं पूर्ण मोडली तर मारकता ढासळते. पण थोडी बदलली तर कवच राहतं आणि लसीने शिकवलेली प्रतिपिंडं ते ओळखत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरामुंडी माशांमध्येही लसीनंतर कवचाच्या जनुकांत असेच बदल दिसले.

हे लिहिते आहे कारण लस बनवणाऱ्यांनी जनुकांकडे दुर्लक्ष केलं की त्याची किंमत मासे मोजतात. मला हे मनापासून लागतं.

खवलेमोजणी

पटलं. मग असं एखादं तरी उदाहरण आहे का की एक जनुक, एक विष, आणि सरळ हिशेब?

लोहार

आहे. फोटोबॅक्टेरियम डॅमसेली, पिसिसिडा उपप्रजाती. समुद्री ब्रीम, बास आणि यलोटेल माशांत पास्ट्युरेलोसिस हा रोग करणारा जिवाणू. एका छोट्या प्लाझ्मिडवर एआयपी५६ नावाच्या विषाचं जनुक आहे. ५६ किलोडाल्टनचं प्रथिन. ते माशाच्या भक्षकपेशीत आणि न्यूट्रोफिलमध्ये शिरतं आणि एनएफ-कप्पा-बी या नियंत्रक प्रथिनाचा पी६५ हा भाग कापून टाकतं. धोक्याची घंटा वाजवणारी दोरीच कापल्यासारखं. पेशी आत्मनाश करतात, संरक्षणफळी कोसळते. ज्या प्रकारांत हे विष नाही ते मारत नाहीत, आणि विषाविरुद्धची प्रतिपिंडं आधी दिली तर मासे वाचतात.

इतकी स्वच्छ गोष्ट क्वचित मिळते. बहुतेक ठिकाणी मारकता अनेक जनुकांत वाटलेली असते.

अर्धसूत्र

‘कुठलं जनुक रोगकारक’ हे कसं ठरवायचं याची कसोटी स्टॅनली फॉल्को यांनी १९८८ साली मांडली. कॉखच्या, म्हणजे अमुक जंतूच अमुक रोग करतो हे ठरवणाऱ्या जुन्या कसोटीचं रेणवीय रूप म्हणा. जनुक मारक प्रकारांत आढळलं पाहिजे, ते बंद केलं की मारकता घटली पाहिजे, आणि परत घातलं की मारकता परतली पाहिजे. तिसरी पायरी अनेक जण गाळतात, आणि घोळ तिथेच होतो. जिवाणूंत जनुकं ओळीने एकाच दोरीत ओवलेली असतात. पहिलं मोडताना पुढची चार मुकी झाली तर दोष भलत्यालाच लागतो. जनुक परत घातल्याशिवाय मी कुणाचाही दावा मानत नाही.

खवलेमोजणी

पण मग चयापचयाच्या जनुकांचं काय? अमेरिकेतल्या कॅटफिशमध्ये २००९ पासून जो अतिमारक एरोमोनास हायड्रोफिला आला, तो मायो-इनोसिटॉल हा साखरेसारखा पदार्थ खाऊन जगू शकतो, साधे प्रकार जगू शकत नाहीत, म्हणून ओळखायला तीच चाचणी वापरतात. खाण्याच्या जनुकाला रोगकारक म्हणायचं?

लोहार

मी म्हणतो, हो. लोह मिळवणं हेही एका अर्थी खाणंच आहे, आणि पीजेएम१ ला तर सगळेच रोगकारक म्हणतात. माशाच्या आत जे मिळेल त्यावर वाढता आलं नाही तर विष बनवणार कोण?

अर्धसूत्र

मी नाही म्हणतो. अशाने वाढीला लागणारं प्रत्येक जनुक रोगकारक ठरेल आणि शब्दाला अर्थच उरणार नाही. इनोसिटॉलची क्षमता ही त्या वंशाची खूण म्हणून भरवशाची आहे. खूण आणि कारण यांत फरक ठेवायला हवा. तोच जनुकसमूह काढून मारकता कमी करून, मग परत घालून ती वाढवून दाखवा, मी शब्द मागे घेईन.

प्रवाह

तुम्हा दोघांत एक तिसरं जनुक राहून गेलं, स्वतः काहीच न करणारं पण बाकीच्यांना उठवणारं. एडवर्डसिएला पिसिसिडा या माशांच्या जिवाणूमध्ये ईएसआरबी हे नियंत्रक जनुक टाइप ३ आणि टाइप ६ अशा दोन्ही स्रावण यंत्रणा चालू करतं. त्याच्या वर फोपी-फोक्यू ही संवेदक जोडी बसली आहे. फोक्यू तापमान ओळखतं. साधारण २३ ते ३५ अंशांत यंत्रणा चालू, २० च्या खाली किंवा ३७ ला बंद. जनुकं तेव्हाही तिथेच असतात, पीसीआरला तशीच दिसतात. फक्त झोपलेली असतात.

शेवाळ, तुमची पीसीआर घरात कोण राहतं ते सांगते. कोण जागं आहे ते सांगत नाही.

शेवाळ

सगळ्यांचं वाचून काढलं, टिपणं केली. जुनी_बशी ताई, पहिल्या दिवशीचा साठा सापडला! डीप फ्रीजच्या तळाशी, माझ्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी. त्याला जुना क म्हणते, आणि रोजच्याला नवा क.

रक्ताच्या बशीवर दोन्ही शेजारी शेजारी लावले, यावेळी २८ अंशाला. जुन्या क भोवती स्वच्छ पारदर्शक कडं. नव्या क भोवती काहीच नाही. पीसीआरची पट्टी दोन्हींची सारखीच ठळक. मग एरोलायसिनचं पूर्ण जनुक वाचून घेतलं, कारण माझ्या प्रायमरनी (पीसीआरमध्ये जनुक पकडणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी) त्याचा छोटासा भागच पकडला जात होता. दोन्हींत एका अक्षराचाही फरक नाही. आता मी पुन्हा अडकले.

जुनी_बशी

अगं, केवढी छान बातमी! मासे मारायच्या आधी एक स्वस्त चाचणी कर. दोन्ही क साय काढलेल्या दुधाच्या बशीवर लाव. प्रोटिएज बाहेर पडत असेल तर भोवती दूध फाटून स्वच्छ कडं दिसेल.

शेवाळ

लावलं. जुन्याला कडं आहे. नव्याला नाही. विष आणि प्रोटिएज दोन्ही एकदम गेली?

लोहार

दोन वेगळी प्रथिनं एकदम गायब होतात तेव्हा दोघांचं सामायिक काय ते शोधायचं. एक तर दोघांना उठवणारं नियंत्रक बिघडलं असेल. नाहीतर दोघांचं दार एकच आहे, ते बंद झालं असेल. एरोमोनास हायड्रोफिलात एरोलायसिन आणि प्रोटिएज टाइप २ यंत्रणेतून, ईएक्सई जनुकांच्या दारातून बाहेर जातात. ते दार मोडलेल्या म्युटंटमध्ये एरोलायसिन बनतं, पण दोन पटलांमधल्या जागेत साठून राहतं.

आणि ते निष्क्रिय रूपात असतं हे लक्षात घ्या. प्रोएरोलायसिन ५२ किलोडाल्टनचं, त्याच्या शेपटाचा तुकडा प्रोटिएजने कापला गेल्यावरच सात-सात रेणू जुळून तांबड्या पेशीला भोक पाडतात. तेव्हा नव्या क च्या पेशी फोडा, अर्काला थोडं ट्रिप्सिन हे प्रोटिएज लावा, मग तांबड्या पेशींवर टाका. ट्रिप्सिन लावलेला, न लावलेला आणि नुसतं ट्रिप्सिन, तिन्ही हवेत. जुना क सोबत ठेवाच.

शेवाळ

आज झालं. तीनदा करून मग लिहिते आहे.

नव्या क चं माध्यम, पेशी गाळून काढलेलं: तांबड्या पेशी शाबूत, ट्रिप्सिन लावूनही. नुसतं ट्रिप्सिन: शाबूत. नव्या क च्या फोडलेल्या पेशींचा अर्क, ट्रिप्सिनशिवाय: अगदी थोडा परिणाम. त्याच अर्काला ट्रिप्सिन लावल्यावर पंधरा मिनिटांत नळी लालभडक पारदर्शक झाली. जुन्या क च्या माध्यमातच हे घडलं, पेशी फोडाव्याच लागल्या नाहीत.

विष बनतंय. आतच अडकलंय.

ईएक्सई जनुकांचा पूर्ण पट्टा दोन्हींतून वाचायला उद्या पाठवते आहे. बिघाड सापडला तर अर्धसूत्र म्हणतात तसं शाबूत जनुक परत घालून बघणार, आणि त्यानंतरच माशांना हात लावणार, यावेळी टोचूनही आणि बुडवूनही. जुन्या क चे वीस छोटे साठे आजच गोठवले, प्रत्येकावर तारीख आणि कितवं उपसंवर्धन ते लिहून.

जुनी_बशी

वीसपैकी दहा दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेव.